पाणी उशिरा येईल, कळावे

नगरपालिकेच्या पाणी खात्यात तिला सगळे ‘अंदाजबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पण हे तिच्या कानावर कधीच आलं होतं आणि तिला त्याचा रागही येत नसे. तिचं कामच ते होतं. पंपघराच्या वरच्या मजल्यावर, जिथे खालच्या मोटारींच्या घरघरीने टेबलावरची पेनं आपोआप घरंगळत, तिथे एका कोपऱ्यात तिचं टेबल, दोन संगणक आणि एक कुरकुरणारा पंखा होता. हवामान, टाकीतली पातळी, कुठली चावी किती वाजता उघडली, तक्रारीचे फोन, पोलीस चौकीतल्या नोंदी, हे सगळं एकत्र करून शहरात पाण्यावरून भांडण कधी आणि कुठे पेटेल ते आधी सांगायचं, यासाठी दोन वर्षांच्या एका योजनेतून तिला इथे नेमलं होतं.

पहिल्याच दिवशी एका कारकुनाने विचारलं, “म्हणजे बाई, तुम्ही भांडणाचं भविष्य सांगणार? मग आज संध्याकाळी माझं आणि बायकोचं काय होईल ते सांगा की!”

“घरी किती वाजता जाणार म्हणून सांगितलंय तिला?” तिने विचारलं.

“सहा.”

“आणि जाणार किती वाजता?”

कारकून फायली चाळू लागला आणि बाकीचे खो खो हसले. त्या दिवसापासून तिला तिथे चहा मिळू लागला.

शहराचे दोन भाग होते. टेकडीच्या उतारावरची वरची आळी पिढ्यान्‌पिढ्यांची. बाजाराच्या पलीकडची खालची वस्ती अलीकडची. समुद्राने किनाऱ्यावरची गावं एकेक करून गिळली, विहिरी खाऱ्या झाल्या, तेव्हा तिथली माणसं संसार डोक्यावर घेऊन इथे आली आणि इथलीच झाली. टाकी मात्र एकच. त्यात उन्हाळा आगंतुक पाहुण्यासारखा दरवर्षी लवकर येऊन उशिरा जाऊ लागला. ते तीन महिने घरातले नळ बंद करावे लागत आणि सगळ्यांना बाजारातल्या नळकोंडाळ्यांवर यावं लागे. वरच्या आळीचं कोंडाळं बाजाराच्या एका टोकाला, खालच्या वस्तीचं दुसऱ्या टोकाला. मध्ये दुकानांची गर्दी, त्यामुळे इकडचं तिकडे दिसत नसे. वरची आळी म्हणे, हे आले आणि आमचं पाणी गेलं. खालची वस्ती म्हणे, यांच्या घागरी भरून वाहतात आणि आम्ही घोटासाठी ताटकळतो. दोघं एकमेकांना पाण्यात पाहत, आणि पाणी तर नव्हतंच.

दोन उन्हाळ्यांमागे त्याचा भडका उडाला होता. बाजारात दोन्हीकडचे लोक भिडले. दुकानं फुटली. नळाच्या चाव्या सोडणारे चावीवाले काका सोडवायला गेले आणि डोक्याला टाके घालून परत आले. खालच्या वस्तीतला एक तरुण सुतार मात्र परत आलाच नाही. दगड कुणाचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतरच ती योजना आली आणि योजनेबरोबर ही अंदाजबाई.

ती स्वतः वरच्या आळीतली सून. नवरा लांबच्या बंदरावर नोकरीला, महिन्यातून एकदा येई. घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंना खालच्या वस्तीचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या पडत. “तुझ्या त्या यंत्राला विचार,” त्या म्हणत, “हे लोक परत कधी जाणार?”

“त्यांची गावं समुद्रात आहेत, आई. कुठे जातील?”

“ते मला नको सांगूस. मी काय समुद्राला बोलावलं होतं?”

आता सगळ्यांची समजूत अशी, की पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा भांडण होतं. तिचीही तीच समजूत होती. पण आकडे मांडले तेव्हा ते काही जुळेना. पाणी अगदी तळाला गेलेले आठवडे शांत गेलेले दिसत आणि टाकी बऱ्यापैकी भरलेली असताना डोकी फुटलेली. तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय. महिनाभर ती ते आकडे उलटेसुलटे करत राहिली. मग तिने पाणी किती आलं हे बाजूला ठेवलं आणि पाणी सांगितल्या वेळेला आलं का, हे पाहिलं. तिथे चित्र एकदम उघडलं. रात्रीसुद्धा उकाडा उतरत नाही अशा दिवसांत, सांगितलेली वेळ टळली आणि का टळली ते कुणी सांगितलं नाही, की भांडण. कमी पाणी, पण वेळेवर, तर नुसती कुरकुर.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल, म्हणून तिने आणखी मागच्या वर्षांचे आकडे काढले. फांदी दरवेळी त्याच कावळ्याने तुटत होती.

त्या उन्हाळ्यात तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला तिच्या पडद्यावर बाजाराचं खालचं टोक लाल झालं. ती तशीच मुख्य अभियंत्यांच्या खोलीत गेली. साहेब निवृत्तीला आलेले. कमी बोलणारे. लोकांच्या शिव्या खाऊन खाऊन कातडी जाड झालेली, असं ते स्वतःच म्हणत.

“साहेब, पुढच्या आठवड्यात उष्णतेची लाट आहे. टाकी निम्म्यावर. आणि बाजाराला पाणी चढवणारी दोन नंबरची मोटार तापली की बंद पडते. तिन्ही एकत्र आलं, तर खालच्या कोंडाळ्यावर पेटण्याची शक्यता दहात सात.”

“मग पोलीस मागवू?”

“पोलीस मागवले तर लोकांना वाटेल, आपण काहीतरी लपवतोय. त्यापेक्षा सांगून टाकू. उद्यापासून पाणी निम्मंच मिळेल. कुणाला कधी मिळेल, ते दोन्हीकडच्या वेळांसकट दोन्हीकडे लावू. यांची वेळ त्यांना कळली पाहिजे आणि त्यांची यांना. आणि उशीर होणार असेल, तर लोक घरातून निघायच्या आत कळवायचं. कारणासकट.”

साहेबांनी चष्मा काढला. “बाई, निम्मं पाणी देणार हे आपण आपल्या तोंडाने सांगायचं? लोक आजच येऊन ऑफिस पेटवतील.”

“आकडे तसं म्हणत नाहीत.”

“आकड्यांना ऑफिसात बसायचं नसतं.” असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “त्या वर्षी मी दवाखान्यात गेलो होतो. त्या सुताराची आई बाकावर बसली होती. मी तिच्याशी बोललो नाही. काय बोलणार? आणा, लिहून आणा तुमच्या वेळा, मी सही करतो. पेटलं, तर आधी माझीच खुर्ची पेटेल.”

ही सही त्यांनी केली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. तिला ते त्याच क्षणी कळलं. पण “थँक्यू साहेब” एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि तेही दाराशी पोचल्यावर.

फलक लावला की काम झालं, असं मानण्याइतकी ती भाबडी नव्हती. फलकावर विश्वास कोण ठेवणार? दोन्हीकडे कुणीतरी असं हवं, ज्याचा शब्द चालतो. चावीवाले काका म्हणाले, “खालच्या वस्तीत एकच माणूस. ती शिंपीण. पण ताई, जपून. जो गेला, तो तिचाच भाऊ.”

शिंपिणीचं दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक खोली. दारात शिलाई मशीन, मागे कपड्यांचे ढीग आणि भिंतीला टेकून अर्धवट राहिलेलं लाकडी कपाट, दारं नसलेलं. ते कुणाच्या हातचं, हे विचारायची गरज नव्हती. अंदाजबाईने आपण कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. शिंपिणीने मशीन थांबवलं नाही.

“तुमच्या त्या संगणकात सगळं असतं म्हणे.”

“सगळं नाही. बरंच.”

“माझ्या भावाचं काय आहे?”

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. सांत्वन करावं की खरं सांगावं? तिने खरं सांगितलं. “त्या दिवसाची एक ओळ आहे. ऊन किती होतं, टाकी किती होती, चावी कधी उघडली. चावी उघडलीच नव्हती. सकाळीच मोटार जळली होती.”

मशीन थांबलं. “आमची चावी ना?”

“दोन्ही. त्या दिवशी वरच्या आळीलाही थेंब मिळाला नव्हता. तेही सकाळपासून उन्हात उभे होते. त्यांना वाटलं, तुम्हाला सोडलं. तुम्हाला वाटलं, त्यांना सोडलं. मोटार जळल्याचं खात्याने कुणालाच सांगितलं नाही.”

शिंपिणीने हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं, त्याने हाक मारली तरी तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, “म्हणजे जे पाणी आलंच नव्हतं, त्याच्यासाठी तो गेला.”

“हो.”

“दोन वर्षं झाली. कुणी सांगितलं नाही हे आम्हाला.”

“मी आज सांगितलं. आधी यायला हवं होतं.”

शिंपिणीने डोळे पुसले, सुईत दोरा ओवला आणि एकदम व्यवहाराचा आवाज काढला. “तुमच्या वेळा मी सांगेन लोकांना. पण एक. खोटं बोलायचं नाही. पाणी नसेल तर नाही म्हणा. ‘येतंय, येतंय’ म्हणून उन्हात उभं केलंत, तर पहिली मी येईन तुमच्या ऑफिसात.”

“चहा देईन,” अंदाजबाई म्हणाली, आणि दोघींनाही थोडंसं हसू आलं.

वरच्या आळीसाठी माणूस शोधायला लांब जायची गरज नव्हती. सासूबाईंच्या फोनवर आळीतल्या झाडून सगळ्या बायका होत्या. सकाळी कुणाच्या घरी काय शिजलं इथपासून कुणाचं लग्न कुठे मोडलं इथपर्यंत सगळं त्यांना घरबसल्या कळे. पण त्यांना वळवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. फलकाचा कागद त्यांनी हात लांब करून वाचला.

“त्यांची वेळ आमच्या फलकावर कशाला? आम्हाला काय करायची?”

“म्हणजे त्यांना जास्त मिळतंय का, ते तुम्हाला मोजता येईल.”

सासूबाईंचे डोळे चमकले. “असं होय! मग ठीक आहे. मी लक्ष ठेवते.”

आणि त्या लगेच कामाला लागल्या. हेतू काही का असेना, संध्याकाळपर्यंत वरच्या आळीच्या प्रत्येक घरात दोन्हीकडच्या वेळा पोचल्या होत्या.

आणि ऑफिस काही पेटलं नाही. पहिल्या दिवशी लोक येऊन तावातावाने बोलून गेले. एकाने साहेबांना “तुम्ही स्वतः कशाने अंघोळ करता?” असं विचारलं. साहेब म्हणाले, “तुमच्यासारखीच, तांब्याने.” दुसऱ्या दिवशी कुरकुर कमी झाली. सांगितलेल्या वेळेला चावी उघडत होती. सांगितलं तेवढंच पाणी येत होतं. बायका वेळेवर येत, भरत आणि सावलीत परत जात. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटे.

चौथ्या दिवशी दोन नंबरची मोटार बसली.

दिवसाला तीन पाळ्या असत, एक दिवस वरच्या आळीच्या दोन, तर दुसऱ्या दिवशी खालच्या वस्तीच्या दोन; त्या दिवशी सकाळी वरच्या आळीचं पाणी भरून झालं होतं. दुपारी खालच्या वस्तीची वेळ होती, तिला तासभर उरला होता. नेमकी अशीच वेळ, जिथे सगळे आकडे लाल होतात: यांना मिळालं आणि त्यांना नाही. मिस्त्री मोटारीत डोकं घालून म्हणाला, “संध्याकाळ होईल. त्याआधी देवाला आणलंत तरी चालू व्हायची नाही.”

तिने ताबडतोब शिंपिणीला फोन लावला. “मोटार बंद पडली आहे. दुपारी पाणी येणार नाही. संध्याकाळी चालू होईल, पण तेव्हा वरच्या आळीची दुसरी पाळी आहे आणि पाणी एकालाच पुरेल. कसं करायचं, ते बघतेय. लोकांना आत्ताच सांगा, उन्हात येऊ नका.”

“सांगते,” शिंपीण म्हणाली. “पण काही पोरं आधीच कोंडाळ्यावर गेलीत. वरच्यांचं सकाळी भरून झालं, हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्याच फलकावर आहे ना!”

तो टोमणा खरा होता. फलक दुधारी होता. ती आणि साहेब भर उन्हात बाजारात गेले. साहेबांनी हातात मोटारीचं जळकं गुंडाळलेलं वायरिंग घेतलं होतं. खालच्या कोंडाळ्यावर तीसचाळीस तरुण उभे होते. एकाने विचारलं, “बरोबर आमच्याच वेळेला मोटार बिघडते होय?”

साहेबांनी ते काळं पडलेलं वायरिंग पुढे धरलं. “हे बघा. वास घ्या. पंपघरात येऊन मोटारही बघा, मिस्त्री आत आहे. ज्याला यायचं त्याने यावं.” दोघंतिघं खरंच निघाले. बाकीचे उभे राहिले, बाजाराच्या वरच्या टोकाकडे बघत.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सासूबाई.

“अगं, मोटार बंद पडली म्हणे. मग आमच्या संध्याकाळचं काय?”

“आई, संध्याकाळी जेमतेम एका बाजूपुरतं येईल. त्यांना दुपारचं मिळालेलं नाही.”

सासूबाई गप्प बसल्या, की एकतर त्या रागावलेल्या असत किंवा हिशेब करत असत. मग आवाज आला, “ती शिंपीण कोण आहे, तिचा नंबर दे मला.”

“कशाला?”

“दे म्हणते ना.”

त्या दोघींचं काय बोलणं झालं ते तिला नंतर, दोन्हीकडून, वेगवेगळं कळलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, “आमची संध्याकाळ तुम्ही घ्या. पण फुकट नाही. उद्या आम्ही दोनदा भरणार, आमचं आणि तुमचं.” शिंपीण म्हणाली होती, “दोनदा नाही. दीड.” सासूबाई म्हणाल्या, “बाजारात भाजी घेतेस का काय तू?” आणि शिंपीण म्हणाली, “भाजीवाली असते तर आणखी पाडून घेतलं असतं.” शेवटी सौदा दीडवर ठरला.

सासूबाईंनी आळीतल्या सगळ्या बायकांना फोन केला आणि त्यांच्या खास आवाजात सांगितलं, “संध्याकाळी कुणी हंडा घेऊन बाहेर दिसलं, तर गाठ माझ्याशी आहे.” इकडे शिंपीण कोंडाळ्याजवळ एका रिकाम्या पिंपावर चढली आणि म्हणाली, “संध्याकाळचं पाणी आपलं. वरच्यांनी पाळी बदलून दिली आहे. मी स्वतः बोलले. आता घरी जा, उन्हात डोकी तापवू नका.”

“वरच्यांनी? दिली?” कुणीतरी विचारलं.

“दिली नाही, बदलली. उद्या परत करायची आहे.”

उपकार म्हटला असता, तर कदाचित कुणाचा विश्वास बसला नसता. सौदा म्हटल्यावर बसला. पंपघरात गेलेले परत आले आणि म्हणाले, मोटार खरंच उघडून ठेवली आहे. हळूहळू गर्दी पांगली. साहेबांनी अंदाजबाईला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले, वायरिंग मांडीवर घेऊन.

संध्याकाळी मोटार चालू झाली, सांगितलं होतं त्याच्या थोडी आधीच. चावीवाले काकांनी खालची चावी उघडली आणि फोन करून एवढंच म्हणाले, “ताई, आलं.”

लाट ओसरली. पोलीस चौकीच्या त्या आठवड्याच्या नोंदीत एक सायकलचोरी आणि एक हरवलेला कुत्रा. योजनेच्या मुख्य कचेरीतून फोन आला, तेव्हा तिथला अधिकारी म्हणाला, “काहीच झालं नाही की. मग तुमचा अंदाज चुकला, असं लिहू का?”

तिला हसू आलं. जे झालं नाही ते मोजायचं कसं, हे तिलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, “यंत्राने कुठे आणि कधी एवढं सांगितलं, असं लिहा. बाकीचं माणसांनी केलं.” फोन ठेवल्यावर ती साहेबांच्या खोलीत गेली आणि या वेळी दाराशी पोचायची वाट न पाहता, त्यांच्या समोर उभं राहून, तिने नीट आभार मानले. साहेब गोंधळले. “अहो, बसा, बसा,” म्हणाले आणि उगाच ड्रॉवर उघडून बंद केला.

घरी सासूबाईंचे आभार मानायला गेली, तर त्या म्हणाल्या, “त्या शिंपिणीने अर्ध्या पाळीत मला बुडवलं. हुशार आहे बाई. माझी दोन पोलकी शिवायला टाकलीत तिच्याकडे, तिथे वसूल करते.”

पावसाळा तोंडावर आला होता, तेव्हा एक दिवस पंपघराचा जिना चढून एक म्हातारी वर आली. धापा टाकत होती. अंदाजबाईने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हातारीने ते सावकाश संपवलं.

“मी शिंपिणीची आई. लेकीने सांगितलं मला. पण म्हटलं, तुमच्या तोंडून ऐकावं. त्या दिवशी खरंच कुणालाच पाणी नव्हतं?”

“कुणालाच नव्हतं, आई.”

“वरच्यांनाही?”

“त्यांनाही नाही. तेही तुमच्यासारखेच उभे होते.”

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. “दोन वर्षं मी त्या आळीतल्या एकेका तोंडाकडे बघायची. म्हणायची, ह्याच्या घरात त्या दिवशी घागरी भरल्या होत्या आणि माझा लेक तहानलेला गेला. बाजारातून जाणंच सोडलं मी. भाजी आणायची तर पार मागच्या रस्त्याने वळसा घालून जायची. कुणाचं तोंड नको.” तिने भांडं टेबलावर ठेवलं. “राग ठेवायला फार ताकद लागते हो. या वयात नाही झेपत. तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. देव तुमचं भलं करो.”

आभार मानायचे तर आपण, असं अंदाजबाईला वाटत होतं. या बाईच्या लेकीने दुकानाच्या दारातून हाकलून दिलं असतं, तर कोण काय म्हणणार होतं?

म्हातारी उठली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिन्याकडे वळली. “येते. आज बाजारातून सरळ जाते. गुडघे फार दुखतात.”

अंदाजबाई तिला खालपर्यंत पोचवायला गेली.